दहावीच्या गणितात मार्क कमी पडले. आता अकरावीचा फॉर्म भरण्याआधी काय करायचं?

दहावीच्या गणितात ४१ गुण पडलेल्या मुलाला पुढे काय काय करता येणार नाही, याची यादी करायला बसलं तर ती पालकांना वाटते त्यापेक्षा फार छोटी निघते. अकरावीत गणित विषयच सोडलेल्या मुलाला काय काय करता येणार नाही, ती यादी मात्र वाटते त्यापेक्षा मोठी असते. निकालानंतरच्या पंधरवड्यात घराघरांत पहिल्या यादीवरून भांडणं होतात आणि दुसऱ्या यादीचा निर्णय रागाच्या भरात, सायबर कॅफेत फॉर्म भरता भरता होऊन जातो. म्हणून हा लेख. राज्य मंडळाच्या, त्यातही नागपूरकडच्या, मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, सीबीएसईचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

पहिली पायरी: गुणपत्रिका वाचायला शिका

गणिताचे १०० गुण तीन ठिकाणांहून येतात. भाग १, म्हणजे बीजगणित, ४० गुणांचा पेपर. भाग २, म्हणजे भूमिती, ४० गुणांचा. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि ते शाळा सहसा सढळ हाताने देते. समजा ४१ पैकी १८ अंतर्गत असतील, तर मुलाने लेखी परीक्षेत ८० पैकी २३ मिळवले आहेत. ‘काठावर पास’ आणि ‘लेखीत तीस टक्केही नाहीत’ या दोन बातम्या एकाच आकड्यात दडलेल्या असतात. त्यामुळे निकाल लागल्यावर शाळेत जाऊन अंतर्गत गुण किती होते ते आधी विचारा. मावशीला फोन नंतर करा.

दुसरी गोष्ट ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची. सहा विषयांपैकी सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो. बाकीच्या पाच विषयांत ८२, ८०, ८५, ७८, ८४ आणि गणितात ४१ असतील, तर गुणपत्रिकेवर ८१.८० टक्के छापून येतात. सहाही विषय धरले असते तर ७५ आले असते. पालक खूश होतात, पेढे वाटतात, आणि ८१ टक्क्यांच्या जोरावर मुलाला चांगल्या कॉलेजात सायन्सला प्रवेशही मिळतो, कारण अकरावीची गुणवत्ता यादी टक्केवारी बघते, गणिताचे गुण बघत नाही. गणितात कच्ची असलेली मुलं अकरावीत गटांगळ्या खातात, त्यातली कितीतरी अशी ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’वाली असतात. टक्केवारीने झाकलेला विषय अकरावीच्या पहिल्या चाचणीत उघडा पडतो.

तिसरी, एकत्रित उत्तीर्णता. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण आणि प्रत्येक विषयात किमान २५ असतील, तर मूल दोन्हीत पास धरलं जातं. सोय चांगली आहे, पण तिचा काटा पुढे टोचतो. अग्निवीर जनरल ड्युटीसाठी दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. गणितात २८ घेऊन पास झालेल्या मुलाच्या हाती पासाची गुणपत्रिका असते, पण या भरतीत त्याचा अर्ज टिकत नाही. ज्या घरात सैन्यभरतीची तयारी चाललेली आहे, मुलगा पहाटे ग्राउंडवर धावून राहिला आहे, तिथे हा आकडा आजच तपासा आणि श्रेणीसुधार योजनेतून परत परीक्षा देण्याचा विचार करा.

नापासच झालं असेल तर वर्ष वाया जात नाही. पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर होते, आणि एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर) अकरावीत प्रवेशही मिळतो. माझं मत विचाराल तर पुरवणी द्यावी. एटीकेटीने गणित मागे लटकत राहतं आणि अकरावीच्या गडबडीत त्याला हात लागत नाही.

दुसरी पायरी: उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा

या पायरीवर सर्वांत कमी लोक थांबतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. निकालानंतर ठरावीक मुदतीत मंडळाकडे गुणपडताळणी आणि छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. नागपूर विभागीय मंडळाखाली नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात, पण अर्ज ऑनलाइन असल्याने गडचिरोलीहून धावत यायची गरज नाही. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती हातात आल्यावर अर्जाला मोजकेच दिवस असतात. लोक छायाप्रत मागवतात ती दोन-चार गुण वाढवायला. तुम्ही मागवा ती चुका बघायला.

नंदनवनच्या एका मुलाची बीजगणिताची छायाप्रत मी त्याच्यासोबत बसून पाहिली होती. वर्गसमीकरण x² − ७x + १० = ०. सूत्र अगदी बरोबर लिहिलेलं, a, b, c च्या किमती बरोबर. मग b² च्या जागी (−७)² चं उत्तर −४९. पुढे −४९ − ४० = −८९, आणि खाली चौकट करून, दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं: ‘मुळे वास्तव नाहीत.’ खरी मुळं ५ आणि २. त्याला वर्गसमीकरण येत होतं. ऋण संख्येचा वर्ग येत नव्हता. याच एका गोष्टीने त्याची आणखी तीन उदाहरणं खाल्ली होती. त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं, “सर, पोट्ट्याचं डोकंच नाही चालत गणितात.” डोकं चालत होतं. सातवीतला एक खिळा ढिला राहिला होता.

छायाप्रत घेऊन चुकांवर तीन खुणा करा. ‘अ’ म्हणजे पद्धत बरोबर, आकडेमोड किंवा चिन्ह चुकलं. ‘ब’ म्हणजे पद्धतच माहीत नव्हती. ‘क’ म्हणजे प्रश्नाला हातच लावला नाही. ‘अ’ जास्त असतील तर दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. ‘ब’ जास्त असतील तर कोणत्या प्रकरणांत आहेत ते लिहा, कारण सगळी प्रकरणं पुढे सारखी लागत नाहीत. भौमितिक रचना गेली तरी अकरावीत फारसं अडत नाही. पण त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती, वर्गसमीकरणे आणि अंकगणित श्रेढी कच्ची असतील तर सायन्सच्या गणितात कोन, सरळ रेषा, वर्तुळ, श्रेढी ही प्रकरणं डोक्यावरून जातात. ‘क’ जास्त असतील तर प्रश्न वेळेचा किंवा भीतीचा आहे, आणि त्याला दुसरी शिकवणी लावणं हे उत्तर नाही.

मुलगा बाकी सगळ्यात तल्लख, पण आकडे उलटसुलट लिहितो, साधी वजाबाकी रोज नव्याने शिकल्यासारखी करतो, असं लहानपणापासून दिसत असेल तर डिस्कॅल्क्युलियाची तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचं अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना मंडळ जादा वेळ, कॅल्क्युलेटर यांसारख्या सवलती देतं. ते प्रमाणपत्र परीक्षेच्या तोंडावर मिळत नाही, नववीतच हालचाल करावी लागते.

तिसरी पायरी: ज्या वाटेला जायचं तिला नेमकं काय हवं, ते शोधा

प्रत्येक अभ्यासक्रम आणि नोकरी गणिताबाबत तीनपैकी काहीतरी मागते: बारावीत विषय असणं, त्यात अमुक गुण असणं, किंवा गणिताचा भाग असलेली प्रवेशपरीक्षा पार करणं. या तिन्हींची सरमिसळ झाली की सल्ले चुकतात.

इंजिनिअरिंगपासून सुरू करू, कारण नागपुरात चर्चा तिथूनच सुरू होते. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, सोबत रसायनशास्त्र किंवा ठरवून दिलेल्यांपैकी एक विषय, आणि तिन्ही मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४०. तिन्ही मिळून, हे महत्त्वाचं. गणितात ३८, भौतिकशास्त्रात ५० आणि रसायनशास्त्रात ५२ असले तरी बेरीज १४०, म्हणजे ४६.६७ टक्के, आणि मूल पात्र ठरतं. दहावीचं गणित इथे कोणी विचारत नाही. अडचण पुढे आहे: एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चुकीला वजाबाकी नाही. पात्रता सोपी, गुणवत्ता यादी कठीण, असा हा मामला आहे. व्हीएनआयटीला, म्हणजे नागपूरच्या एनआयटीला, जायचं तर जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा, आणि सोबत बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं.

आर्किटेक्चरचं नाव काढलं की “चित्रकला चांगली आहे ना, मग झालं” असं म्हणतात. बारावीत गणित नसेल तर बी.आर्क.चं दार बंद आहे, चित्रकला कितीही चांगली असो. तसंच विमान देखभालीचं. नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात विमानांचं देखभाल केंद्र आल्यापासून एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगची चौकशी नागपुरात वाढली. त्याला बारावी पीसीएम लागते. एनडीएच्या लष्करी शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत. म्हणजे विषय नसला तरी चालेल, गणित न येऊन चालणार नाही.

आता ‘गणित नको म्हणून बायोलॉजी’ या लाडक्या वाटेकडे. मेडिकल, मेयो (दोन्ही नागपूरची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) किंवा मिहानच्या एम्सला एमबीबीएस, व्हेटर्नरी, आयुर्वेद, नर्सिंग यांपैकी कशालाही बारावीत गणित लागत नाही, हे खरं. पण नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, ७२० गुणांपैकी १८० भौतिकशास्त्राचे असतात, आणि भौतिकशास्त्रात समीकरणं, गुणोत्तर, आलेख, त्रिकोणमिती सगळं येऊन बसलेलं असतं. दहावीच्या गणितात ४१ असलेलं मूल जीवशास्त्रात कितीही पाठांतर करो, नीटमध्ये ते भौतिकशास्त्रापाशी अडतं. बी.फार्म.ला पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) चालतं, मात्र पीसीबीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स नावाचा विषय वाट बघत असतो. महाराजबागेशेजारच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. ॲग्रीसाठी पीसीएम आणि पीसीबी दोन्ही चालतात. गणिताला कंटाळलेल्या पण प्रयोगांत रमणाऱ्या मुलांसाठी ही वाट मला डॉक्टरकीच्या हट्टापेक्षा बरी वाटते.

पॉलिटेक्निकबद्दल गैरसमज मोठा आहे. दहावीनंतर डिप्लोमाला ३५ टक्के पुरतात, म्हणून ‘गणित जमत नाही, डिप्लोमा करू’ असं ठरतं. सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी गुणवत्ता यादी बरीच वर असते ते सोडा, पण कुठेही गेलात तरी पहिल्या वर्षी गणित आहेच. डिप्लोमाचा खरा फायदा वेगळा: नंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश, सीईटीशिवाय. हात चालणाऱ्या आणि गणित हळूहळू शिकणाऱ्या मुलाला ही लांबची वाट झेपते. गणितापासून पळणाऱ्याला नाही. आयटीआयचं तसं नाही. श्रद्धानंदपेठच्या शासकीय आयटीआयमध्ये किंवा इतरत्र, काही ट्रेडना दहावी नापासही चालतं, आणि तिथलं गणित कामाचं असतं: मापं, क्षेत्रफळ, टक्के, वजन.

कॉमर्सला गणित ऐच्छिक आहे, त्याऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेता येतो. सीएला बारावीत गणित असण्याची अट नाही, पण फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा आहे. त्यात १०० पैकी ४० हवेत, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. ज्याला सीए करायचंय त्याने अकरावीत एस.पी. घेऊन सुटका करून घेतली, तर बारावीनंतर तेच गणित एकदम अंगावर येतं. कायद्याला कोणतीही शाखा चालते. वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची तर साधारण दहा टक्के प्रश्न दहावीच्या पातळीच्या गणिताचे.

आणि ज्यांना वाटतं की आर्ट्सला जाऊन स्पर्धा परीक्षा दिल्या की गणिताचा विषय संपला, त्यांनी एखादी जाहिरात पूर्ण वाचावी. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. तलाठी भरतीत बौद्धिक चाचणी आणि अंकगणित आहे. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट हा आकलन, तर्क आणि अंकगणिताचा पेपर फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्क्यांचा, तरी दरवर्षी भलेभले तिथे पडतात. टपाल खात्याच्या ग्रामीण डाक सेवकाला दहावीत गणित आणि इंग्रजी या विषयांसह उत्तीर्ण असणं लागतं, आणि निवड थेट दहावीच्या गुणांवर होते. मात्र या सगळ्या परीक्षांचं गणित म्हणजे शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा. बारावीचं कॅल्क्युलस त्यात नाही. कला शाखेतल्या मुलाने दहावीनंतर हे अंकगणित जिवंत ठेवलं तर पदवीनंतर त्याची दोन वर्षं वाचतात. बी.ए.ला मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेणाऱ्यांना सांख्यिकी लागते, एवढं जाता जाता.

चौथी पायरी: अकरावीचा विषय ठरवणे

आता छायाप्रतीवरच्या खुणा आणि वाटेची गरज शेजारी शेजारी ठेवा. वाट पीसीएमची आणि चुका बहुतेक ‘अ’ असतील, तर ४१ गुण असूनही गणित घ्या. वाट पीसीएमची आणि निम्म्याहून जास्त ‘ब’ असतील, तर आधी पुढच्या पायरीतलं काम महिनाभर करून पाहा, मग ठरवा. मुलाला कशाचंच ठाम नाही, तर मी गणित ठेवण्याच्या बाजूने आहे, कारण नंतर सोडणं सोपं आणि नंतर धरणं अवघड. पीसीएमबी घेऊन दोन्ही दगडांवर पाय ठेवायला मात्र अभ्यासाची चांगली सवय लागते. ती नसलेल्या मुलावर चारही विषय लादले तर चारही बुडतात. विषय बदलायचाच झाला तर पहिल्या सत्रातच कॉलेजात विचारा. दिवाळीनंतर सगळे हात वर करतात.

सीबीएसईवाल्यांनी दहावीला गणित ‘बेसिक’ घेतलं होतं की ‘स्टँडर्ड’, हे बघावं. बेसिक घेतलं असेल तर अकरावीत गणिताला परवानगीचा चालू वर्षाचा नियम शाळेकडून लेखी घ्या. तिथे ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ हा वेगळा विषयही आहे, कॉमर्सच्या मुलांना तो जास्त मानवतो. इंजिनिअरिंगच्या आशेवर मात्र तो घेऊ नका.

एक खर्चाचं. धरमपेठ, रामदासपेठ भागातल्या क्लासांची दोन वर्षांची पॅकेजेस निकालाच्या आठवड्यात विकली जातात, सोबत कागदोपत्री हजेरीचं ‘टायअप’ कॉलेज. मुलाच्या चुका कुठल्या इयत्तेतल्या आहेत हे कळण्याआधी दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका. त्या वर्गात पहिल्या दिवसापासून जेईईचा वेग असतो, आणि (−७)² अडलेल्या मुलासाठी तिथे कोणी थांबत नाही.

पाचवी पायरी: दुरुस्ती, सातवीपासून

दुरुस्ती दहावीच्या पुस्तकातून करू नका. आधी मुलाला ही सहा उदाहरणं कॅल्क्युलेटरशिवाय द्या: −३ − (−७), २/३ + ३/४, २४० चे १५ टक्के, (a − b)² चा विस्तार, x² − ५x + ६ चे अवयव, आणि ‘५ मजूर १२ दिवसांत करतात ते काम ६ मजूर किती दिवसांत करतील?’ उत्तरं अनुक्रमे ४, १७/१२, ३६, a² − २ab + b², (x − २)(x − ३) आणि १० दिवस. पहिल्या तिनांत अडखळलं तर सहावी-सातवीचं पुस्तक काढा. चौथ्या-पाचव्यात अडखळलं तर सातवी-आठवीचं. मजुरांच्या उदाहरणात १४.४ दिवस असं उत्तर आलं, तर आकडेमोड ठीक आहे पण मूल वाचून विचार न करता गुणाकार-भागाकार करतंय.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. छापील हवी तर सीताबर्डीवर जुनी सहज मिळतात. दहावी झालेल्या मुलाला सातवीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते. वरून साधं खाकी कव्हर घालून द्या, चेष्टा नाही, उपयोग होतो. रोज पाऊण तास, सकाळी, ऊन चढायच्या आत. शिकवणारा कोणीही चालेल, पण त्याने सोडवून दाखवायचं नाही. मुलाने सोडवायचं, मोठ्याने बोलत सोडवायचं, आणि शिकवणाऱ्याने ऐकायचं. चूक बोलण्यात सापडते, वहीत ती खोडलेली असते. चुकांची वेगळी वही ठेवा: डावीकडे चुकलेली ओळ, उजवीकडे बरोबर ओळ, बाकी काही नाही. दर रविवारी त्यातलीच उदाहरणं आकडे बदलून परत.

साधारण महिनाभराने दहावीच्या भाग १ मधली वर्गसमीकरणे आणि भाग २ मधली त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती काढा. तिथे मूल आपलं आपण पुढे जाऊ लागलं तर अकरावीचं गणित घ्यायला हरकत नाही. अजूनही दर ओळीला तुमच्याकडे बघत असेल, तर पीसीएमची घाई करू नका, वर दिलेल्या बाकीच्या वाटा परत वाचा.

ज्यांची बारावी होऊन गेली आहे त्यांच्यासाठी

बारावीत गणितात कमी गुण असतील तर आधी बेरीज करा. ४५ किंवा ४० टक्के तिन्ही विषयांवर मोजायचे आहेत, हे विसरून काही मुलं विनाकारण वर्ष सोडतात. नापास असेल तर पुरवणी परीक्षा आहे, श्रेणीसुधारही आहे.

पीसीबी घेऊन बारावी झाली आणि आता इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर सुचतंय, असं असेल तर फक्त गणित हा विषय घेऊन परत बारावीची परीक्षा देता येते. मंडळाच्या अर्जात त्याला ‘तुरळक विषय’ म्हणतात, कॉलेजच्या खिडकीवर ‘आयसोलेटेड’ म्हणून विचारा. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे अर्ज आधीच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत सुटतात, म्हणून सप्टेंबरपासून आपल्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयात चकरा सुरू करा. जाताना बारावीची मूळ गुणपत्रिका, तिच्या दोन झेरॉक्स आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत ठेवा, आणि ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याच्या चालू माहितीपुस्तिकेत वेगळ्या वर्षी दिलेला विषय धरतात का, ते पान छापून न्या. क्लार्कशी बोलताना ते पान कामी येतं.